डबा दुपारी उघडतो: पोळी-भाजीचा डबा नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

घरातल्या दोघा-तिघांचे डबे रोज सकाळी भरून द्यायचं काम पहिल्यांदाच अंगावर पडलं की डोक्यात पहिला प्रश्न येतो, ‘आज भाजी कोणती?’ त्याच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: डबा उघडणार किती वाजता? सकाळी साडेसहाला कढईतून उतरलेली भाजी दुपारी एकला खाल्ली जाते. मधले साडेसहा तास ती झाकणाखाली, दप्तरात, उन्हात, गाडीच्या हादऱ्यांत काढते. गॅसवरून उतरताना चव घेऊन ‘मस्त झालीये’ म्हणण्याला म्हणून फारसा अर्थ नाही. पुढे जे जे सांगितलंय ते या एका गोष्टीभोवती आहे.

आधी चौकशी करा

डबा नेणाऱ्या प्रत्येकाला बसवून विचारा. किती वाजता खाणार? किती वेळ मिळतो? हात धुवायला जागा आहे का, की चमच्यानेच खायचं? गरम करायची सोय आहे का? मायक्रोवेव्ह असेल तर स्टीलचा डबा त्यात चालत नाही, मग काचेचा घ्यावा लागेल किंवा तिथे एक ताटली ठेवावी लागेल. मुलांच्या बाबतीत छोट्या सुट्टीचा डबा वेगळा आणि मोठ्या सुट्टीचा वेगळा, हे लक्षात घ्या. छोट्या सुट्टीत हात धुण्याचीही शाश्वती नसते, तेव्हा त्यात हाताने उचलून दोन घासांत संपेल असंच द्यावं.

पोळ्यांची संख्याही विचारून ठरवा आणि फ्रिजवर चिकटवून ठेवा. बाबा ४, आई ३, मुलगी २, असं. अंदाजाने केल्या तर रोज दोन उरतात किंवा एक कमी पडते. मध्यम वाटीभर पिठात साधारण ४-५ पोळ्या होतात, पण प्रत्येक घरची वाटी वेगळी आणि प्रत्येकाचा हात वेगळा. पहिल्या आठवड्यात मोजा, मग तुमची वाटी तुम्हाला कळेल.

आठवड्याच्या भाज्या

रोज सकाळी नव्याने विचार करायचा नाही. भाज्यांची नावं ठरवण्यापेक्षा प्रकार ठरवणं सोपं जातं. दोन दिवस फळभाजी किंवा शेंगभाजी, दोन दिवस उसळ, एक दिवस पालेभाजी, एक दिवस बटाटा किंवा पीठ पेरून काहीतरी. मग बाजारात फरसबी चांगली मिळाली तर फरसबी, गवार कोवळी दिसली तर गवार. पालेभाजी आणल्यापासून पहिल्या-दुसऱ्या दिवशीच संपवा. कोबी, बटाटा, गाजर थांबू शकतात, ते आठवड्याच्या शेवटी ठेवा.

उसळीचा हिशोब मात्र उलटा मोजावा लागतो. बुधवारच्या डब्यात मटकी हवी असेल तर ती सोमवारी रात्री भिजत घालायची, मंगळवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधायची, म्हणजे बुधवारी पहाटेपर्यंत छान मोड येतात. उन्हाळ्यात मोड लवकर येतात आणि तसंच ठेवलं तर आंबूस वासही लवकर येतो. मोड आले की मंगळवारी रात्रीच ती मटकी फ्रिजमध्ये टाका. राजमा करणार असाल तर एक पथ्य पाळा: रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, दुसऱ्या पाण्यात पुरता शिजवायचा. अर्धवट शिजलेला राजमा पोटाला खरोखरच बाधतो, कारण कच्च्या दाण्यातला एक घटक नीट उकळल्याशिवाय नष्ट होत नाही. कुकरमध्ये व्यवस्थित शिट्ट्या झाल्या की काळजी नाही.

रात्रीची वीस मिनिटं

सकाळचा डबा रात्रीच निम्मा होतो. जेवणं उरकल्यावर, ओटा पुसायच्या आधी, एवढं करून टाका.

भाजी निवडून आणि चिरून ठेवा. गवार, फरसबी, कोबी, फ्लॉवर हे सगळं बंद डब्यात फ्रिजमध्ये चांगलं राहतं. भेंडी रात्री धुऊन, पुसून ठेवली तर सकाळी ती खडखडीत कोरडी मिळते आणि चिरताना तार सुटत नाही. मेथी निवडून ठेवा पण धुऊ नका. कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि सकाळी धुवा. बटाटे रात्रीच उकडून, गार करून फ्रिजमध्ये. कच्चे चिरून ठेवायचेच असतील तर पाण्यात बुडवून, नाहीतर काळे पडतात. वांगं मात्र सकाळीच चिरायचं.

दाण्याचा कूट संपत आलाय का ते बघा. आणि डबे, त्यांची झाकणं, चमचे, छोट्या डब्या हे सगळं जुळवून ओट्यावर मांडून ठेवा. सकाळी पावणेसातला झाकण शोधत फिरण्यात जेवढा वेळ आणि डोकं जातं तेवढं भाजी करण्यात जात नाही.

कणीक रात्री भिजवून ठेवावी का, यावर घराघरांत वाद आहेत. वर तेलाचा हात लावून, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवली तर सकाळी चालते; जरा काळपट होते आणि पोळी किंचित कमी मऊ होते. अगदी पहाटे निघायचं असेल तर खुशाल ठेवा. वेळ असेल तर सकाळी भिजवलेलीच बरी.

सकाळचा क्रम

घरातून साडेसातला निघायचं आहे असं धरू. सहाला आधी कणीक भिजवा, कारण तिला मुरायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि त्या वेळात तुम्ही दुसरं काम करू शकता. एकीकडे चहा, दुसरीकडे भाजीची फोडणी. भाजीवर झाकण पडलं की मुलांना उठवा. साडेसहाला तवा ठेवा. सातपर्यंत पोळ्या उरकल्या की पुढची दहा-पंधरा मिनिटं सगळं नुसतं निवू द्यायचं. नवखे लोक ही दहा मिनिटं धरतच नाहीत आणि निघायच्या क्षणी वाफाळतं जेवण डब्यात कोंबतात. त्याचं काय होतं ते पुढे येईलच.

कणकेआधी भाजी सुरू केली तर सगळं वीस मिनिटांनी मागे पडतं. बाकी क्रम आपापल्या सोयीने बदला.

दुपारपर्यंत मऊ राहणारी पोळी

गरम पोळी कुणाचीही मऊच असते. प्रश्न एक वाजताच्या पोळीचा आहे.

कणीक नेहमीपेक्षा थोडी सैल भिजवा. दोन वाट्या पिठाला साधारण एक वाटी पाणी लागतं, पण पीठ जुनं-नवं, बारीक-जाड यावर कमी-जास्त होतं, म्हणून पाणी बेताबेताने घाला. चवीला मीठ, चमचाभर तेल. मळून झाल्यावर बोट दाबलं तर खळगा पडावा आणि हळूहळू वर यावा. बोटाला चिकटता कामा नये. ओल्या फडक्याने किंवा ताटलीने झाकून ठेवा. वीस मिनिटांनी पुन्हा एकदा तेलाच्या हाताने मळली की तीच कणीक एकदम गुळगुळीत लागते, कारण तोवर पिठाने पाणी आत ओढून घेतलेलं असतं.

डब्यासाठी फुलक्यापेक्षा घडीची पोळी उजवी. लाटी पुरीएवढी लाटा, तिला तेल लावा, चिमूटभर पीठ भुरभुरवा, अर्ध्यात घडी, पुन्हा तेल-पीठ, पुन्हा घडी, म्हणजे त्रिकोण होतो. तो हलक्या हाताने, कडा न विसरता, लाटायचा. मधे जाड आणि कडेला पातळ अशी पोळी फुगत नाही. कडा जाड राहिली तर तीच कडा दुपारी चावत नाही. लाटताना पीठ कमी वापरा. पोळीला चिकटून राहिलेलं कोरडं पीठ तव्यावर जळतं आणि पोळी कोरडी पडते.

आता तवा. नव्यांच्या पोळ्या वातड होण्याचं पहिलं कारण तवा पुरेसा न तापणं हे असतं. मंद आचेवर पोळी बराच वेळ पडून राहते आणि तेवढ्या वेळात तिच्यातलं पाणी उडून जातं. तव्यावर पाण्याचे थेंब शिंपडा: नुसतेच पसरून हळूहळू आटले तर अजून थांबा, थेंब थरथरत नाचले तर तवा तयार. पहिली बाजू पुरती भाजायची नाही; बारीक फोड दिसायला लागले की उलटा. दुसरी बाजू डाग पडेपर्यंत भाजा, मग परत उलटून कडा फडक्याने हलकेच दाबा. घडीची पोळी फुगून पदर सुटले की झाली. एकूण मिनिटभरातच हे उरकायला हवं. उतरल्याबरोबर तेल किंवा तूप पुसा.

पोळी उतरल्यावर काय करता यावरही बरंच अवलंबून आहे. गरम पोळ्या एकावर एक रचून लगेच झाकण लावलं तर वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि खालच्या-वरच्या पोळ्या चिखल होतात. उघड्यावर, पंख्याखाली ठेवल्या तर पापड होतात. मधला मार्ग असा: टोपलीत किंवा डब्यात सुती फडकं पसरून त्यात पोळ्या ठेवायच्या, वरून फडक्याचं टोक घ्यायचं, झाकण तिरकं ठेवायचं. दहा मिनिटांनी कोमट झाल्या की घडी घालून डब्यात. डब्यातही खाली सुती रुमालाचा तुकडा घाला, तो राहिलेली ओल शोषून घेतो. फॉइलमध्ये पोळी गुंडाळायला हरकत नाही, पण तीही कोमट झाल्यावर. लोणचं किंवा चिंच-कोकमाचं काही फॉइलमध्ये ठेवू नका, आंबट पदार्थ अॅल्युमिनियम खातो.

कोरडी, पण रुक्ष नाही अशी भाजी

डब्याची भाजी अंगासरशी हवी. रस सुटला की तो पोळीपर्यंत पोचतो, दप्तरापर्यंत पोचतो आणि ओलसर भाजी विटतेही लवकर. भाजीत पाणी कधी सुटतं हे कळलं की अर्धा स्वयंपाक कळला, आणि त्याची किल्ली मिठाकडे आहे. मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं. कधी ते हवं असतं, कधी नको.

भेंडीत नको असतं. कढईत तेल जरा सढळ, मोहरी, हिंग, हळद, मग कोरडी चिरलेली भेंडी. झाकण ठेवायचं नाही, कारण वाफेचं पाणी परत भाजीत पडलं की तार सुटते. मधून मधून हलवत मध्यम आचेवर परता, दोन आमसुलं टाका किंवा लिंबू पिळा म्हणजे बुळबुळीतपणा मोडतो, आणि मीठ अगदी शेवटी. शेवटच्या दोन मिनिटांत मीठ, तिखट, दाण्याचा कूट.

पीठ पेरलेल्या सिमला मिरचीत पाणी हवं असतं. पाव किलो मिरच्यांच्या फोडी फोडणीत टाकल्या की लगेच मीठ घाला आणि झाकण ठेवा. चार-पाच मिनिटांत फोडी मऊ होऊन तळाशी पाणी दिसतं. आता ४ ते ५ मोठे चमचे बेसन सगळीकडे भुरभुरवा आणि लगेच ढवळू नका. झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वाफ येऊ द्या. पीठ सुटलेलं पाणी पिऊन घेतं. मग हलक्या हाताने उलटवा, कोरडं पीठ दिसलं तर तिथे पाण्याचा हबका मारा, थोडं तेल सोडा, पुन्हा वाफ. बेसनाचा कच्चा वास जाऊन खमंग वास आला की उतरवा. हीच रीत कोबीला, कांद्याच्या पातीला, मेथीला चालते. कुठल्याही भाजीला भलतंच पाणी सुटलं तर तेव्हाही हेच बेसन, किंवा भाजलेल्या दाण्याचा कूट, कामाला येतो.

दुधी, दोडका, पडवळ या पाणीदार भाज्या. रात्री मूठभर हरभरा डाळ भिजवून ठेवली आणि ती बरोबर शिजवली की पाणी डाळीत मुरतं आणि भाजीला दातांखाली काहीतरी येतं. पालक मला डब्यात आवडत नाही, तो गार झाला की कळा जाते. पालकाच्या पुऱ्या कराव्यात.

उसळ करताना चिंच, आमसूल, टोमॅटो हे कडधान्य मऊ शिजल्यावरच घाला. आधी घातलं तर दाणे तासभर टणकच राहतात. खाताना पिळायला लिंबाची फोड वेगळी द्या. चव तर येतेच, शिवाय लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह अंगी जास्त लागतं.

तिखटाबद्दल एकच सांगतो. बाटलीतलं पाणी संपल्यावर तिखट लागलेलं मूल डबा बंद करून ठेवतं. मोठ्यांना वेगळी चटणी द्या, भाजी सगळ्यांची बेताची ठेवा.

उन्हाळा, भात आणि दही

साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस या दरम्यान शिजवलेलं अन्न राहिलं की त्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. आपला डबा नेमका याच टप्प्यात दिवस काढतो. म्हणून मार्चपासून पाऊस सुरू होईपर्यंत ओलं खोबरं डब्याच्या भाजीत घालूच नका. सुकं खोबरं किंवा कूट वापरा. कच्चा कांदा चिरून देऊ नका. काकडीची कोशिंबीर द्यायची असेल तर काकडी चिरून, कूट-मीठ वेगळ्या डबीत, आणि खाताना कालवायला सांगा, नाहीतर मिठाने तिचं पाणी होतं. गाजराचे तुकडे याहून बिनत्रासाचे.

भाताच्या बाबतीत जरा सावध राहा. तांदळात असणाऱ्या एका जिवाणूची बीजं शिजवल्यानंतरही टिकतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर ती रुजून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. फोडणीचा भात डब्यात द्यायचा असेल तर रात्रीचा उरलेला भात तास-दोन तासांत पसरट भांड्यात गार करून फ्रिजमध्ये गेलेला असला पाहिजे. ओट्यावर राहिलेल्या भाताला फोडणी देऊन तो वाचवू नका. वर्षानुवर्षं काही झालं नाही असं सांगणारे भेटतील. सात तास डब्यात राहणाऱ्या भातावर ती परीक्षा घेऊ नये.

दहीभात न्यायचा असेल तर आंबट होऊ नये म्हणून एक जुनी युक्ती आहे. भात मऊ शिजवून कोमट करा, उकळून गार केलेलं दूध घालून चांगला सैल कालवा, आणि त्यात फक्त चमचाभर ताजं दही. दुपारपर्यंत दूध डब्यातच विरजतं आणि भात गोडसर दहीभात होऊन बसतो. सकाळी तो फार पातळ वाटतो, तसाच राहू द्या, भात दूध पितो.

आमटी-वरण गरमच हवं असेल तर उष्णता धरून ठेवणारा डबा घ्या. त्यात आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं झाकून ठेवायचं, ते ओतून लगेच उकळती आमटी भरायची. इथे निववण्याचा नियम उलटा आहे: कोमट आमटी अशा डब्यात भरणं म्हणजे तिला तासन्‌तास कोमटच ठेवणं.

डबा भरताना

भाजी कढईत ठेवू नका, ताटलीत पसरून कोमट करा. गरम आणि तेलकट पदार्थ प्लॅस्टिकमध्ये टाळा. स्टील सगळ्यात निर्धोक. डबा काठोकाठ भरू नका, बोटभर जागा ठेवा, नाहीतर झाकण लावताना भाजी कडेला चेपली जाऊन तिथूनच तेल गळतं. नवा डबा आणला की त्यात पाणी भरून, झाकण लावून, मोरीत उलटा धरून हलवा. गळला तर त्यात कायम कोरडंच द्यायचं.

लहान मुलांना पोळीचा रोल करून अर्ध्यात कापून द्या, किंवा पोळीचे तुकडे करूनच द्या. मोठ्यांच्या डब्यात एक छोटी डबी कायम ठेवा: लसणीची चटणी, दाण्याची चटणी, लोणचं. भाजी बिघडली तरी तिच्या जिवावर चार पोळ्या जातात.

सकाळ हातातून निसटली तर

तशी येतेच. त्या दिवशीसाठी घरात तीन गोष्टी असू द्या: थालीपिठाची भाजणी, बेसन आणि भाजलेले दाणे. भाजणीत कांदा, तिखट, मीठ, पाणी घालून थापलेली दोन थालीपिठं वीस मिनिटांत होतात आणि बरोबर भाजी लागत नाही. कोरडा झुणका पंधरा मिनिटांचा. रात्रीच्या नीट झाकून ठेवलेल्या पोळ्या असतील तर त्या कुस्करून कांदा-मिरची-शेंगदाण्याच्या फोडणीत परतायच्या, पाण्याचा हबका मारून वाफ आणायची, वर लिंबू आणि साखरेची चिमूट. फोडणीची पोळी भाजीच्या डब्याहून आधी संपते, असा बहुतेक घरांचा अनुभव आहे. आणि अगदीच काही नसेल तर तूप-गुळाची पोळी गुंडाळून द्या.

डबा परत आला की

संध्याकाळी डबा घासायच्या आधी उघडून बघा. पोळी अर्धी आणि भाजी संपलेली आली तर पोळी कडक झाली असणार. भाजी तशीच आली तर विचारा, पण ‘का नाही खाल्लंस?’ असं विचारलं की मुलं दुसऱ्या दिवशीपासून डबा शाळेतच रिकामा करून आणायला शिकतात. ‘आज वेळ मिळाला का?’ असं विचारलं तर खरं उत्तर येतं, आणि पुष्कळदा ते वेळ मिळाला नाही हेच असतं. मग पुढच्या वेळी कमी भरा.

झाकणाची रबरी रिंग आठवड्यातून एकदा सुरीच्या बोथट टोकाने काढून वेगळी घासा; डब्याला येणारा कुबट वास बहुधा तिथलाच असतो. धुतलेला डबा झाकण लावून ठेवू नका. दोन्ही उपडे घालून रात्रभर वाळू द्या, सकाळी तसेही हाताशी हवेच असतात.